पारा आदेश वाचत नाही

मी एक जुनी मशीन आहे. पण कापसाच्या जिनिंगमधली नाही अन् पिठाच्या चक्कीची बी नाही. माझ्यात ना चाक आहे ना मोटर. राखाडी पत्र्याचा एक हातभर डबा, झाकण उघडलं की उभी राहणारी काचेची नळी, नळीत चमकणारा पारा, अन् सोबत कापडाचा पट्टा आणि रबराचा फुगा. बस, एवढीच मी. लोक मला बी.पी.ची मशीन म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या नाहीतर आजीच्या दंडाला मला गुंडाळलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. फुगा दाबला की पट्टा आवळतो, पारा वर चढतो. मग हळूहळू हवा सोडायची अन् स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. रक्त पहिल्यांदा धप्प करतं तो वरचा आकडा. आवाज थांबतो तो खालचा. माझं सगळं आयुष्य या दोन आकड्यांच्या मधे गेलं.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल. पारा दिसायला लय सुंदर असतो, चांदीच्या पाण्यासारखा. पण तो विषारी असतो. माझ्यासारखी एखादी फुटली तर त्याच्याशी खेळायला जाऊ नका. लांब व्हा अन् मोठ्यांना बोलवा. आमच्यावर कितीही जीव असला तरी.

तर. माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो छिंदवाड्याहून सौंसरला आलेला खोका, त्यात आम्ही बारा बहिणी, अन् मग सौंसरच्या बसमध्ये प्रतिभाताईच्या मांडीवर बसून केलेला प्रवास. कंडक्टर म्हणाला, "बाई, या डब्ब्याचं तिकीट लागन." ताई म्हणाली, "लावा ना. पण पहिले तुमचा बीपी पाहू द्या. सकाळपासून ओरडून राहिले तुमी." अख्खी बस हसली. तिकीट लागलं नाही.

ही प्रतिभाताई म्हणजे आमच्या गावच्या उपस्वास्थ्य केंद्राची नर्स. गाव मोहगावच्या अलीकडे, नाव कशाला सांगू. दोन खोल्यांचं केंद्र, मागच्या बाजूला ताईची राहायची खोली, अन् शेजारी शाळा. शाळेची अन् आमची भिंत एकच. तिकडे घंटा वाजली की इकडे माझा पारा थरथरायचा.

ताई संविदावर होती. म्हणजे काम पक्क्या नर्सचं, नोकरी मात्र कराराची. दर मार्चला कागद यायचा, ताई सही करायची, अन् अजून एक वर्ष पुढे ढकललं जायचं. पंधरा वर्षं हेच. पगार कसा असेल ते समजून घ्या. तिच्यासोबतच्या बायांनी छिंदवाड्याला धरणं दिलं तेव्हा ती बी गेली होती. घसा बसून आली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांच्या लसी टोचत होती.

पंधरा वर्षांत तिनं मला हजारो दंडांना बांधलं. कापूस वेचणाऱ्या बायांचे काटक दंड, संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्या पोरांचे दगडासारखे दंड, गरोदर बायांचे सुजलेले हात. शाळेत तपासणी असली की बारक्या पोरांच्या हातावरून मी सारखी घसरायची. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे. म्हणायचे, "सिस्टरबाईची मशीन खोटं बोलत नाही." हे ऐकून मला बरं वाटायचं. आता खोटं कशाला बोलू?

फक्त एका माणसाच्या दंडाला मी कधी लागले नव्हते. ते पुढे येईल.

आता गजाननभाऊचं सांगते. शाळेचा चपराशी. घंटा तोच वाजवायचा, कुलूप तोच लावायचा, अन् मोठे सर नसले की त्यांची नक्कल बी तोच करायचा. तोंड वाकडं करून, चष्मा नाकावर आणल्यासारखं करून, "कोण बोलून राहिलं मागच्या लाइनमधी?" पोरं लोळून हसायची. शाळेत तीस वर्षं झाली होती त्याला. आधी रोजंदारी, मग कायम. पण कायम झाल्यावर जो पगार वाढायला पाहिजे होता त्याची फाइल वर कुठंतरी अडकली होती. म्हणून शाळा सुटली की तो जिनिंगवर चौकीदारीला जायचा. झोप कधी घ्यायचा माहीत नाही.

त्याला पहिल्यांदा बांधली तेव्हा वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे चार. ताईनं त्याला सौंसरच्या डॉक्टरला दाखवून आणलं अन् रोजची एक गोळी सुरू झाली. गोळी आमच्याच केंद्रातून फुकट मिळायची. तो इमानदारीनं घ्यायचा. आकडा एकशे पन्नास, एकशे चाळीस असा रेंगाळत खाली आला. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायची. पट्टा आवळला की गजाननभाऊ मूठ गच्च धरायचा. ताई म्हणायची, "हात ढिला सोडा भाऊ." तो म्हणायचा, "ढिलाच तं हाय." मूठ तशीच.

मग एका दिवशी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तो धावतच आला.

"सिस्टरबाई! निघाला! आदेश निघाला!"

त्याच्या हातात कागद नव्हता, मोबाइल होता. मोबाइलवर कागदाचा फोटो.

"कायचा आदेश, गजाननभाऊ?"

"माह्या पगाराचा! तीस वर्षं झाले, आता कुठं सरकारले माह्यं नाव आठोलं. मागची बाकी, एरियर बी भेटन म्हंते, हप्त्या-हप्त्यानं."

"बसा, बसा पहिले. श्वास घ्या."

"श्वास कायचा घेता! मोहगाववरून आलुबोंडे सांगतले मी पुऱ्या स्टाफले. तुमाले दोन."

चंचल, आमची आशा कार्यकर्ती, कोपऱ्यात बसून रजिस्टर भरत होती. तिनं मान वर केली. "अन् मले?"

"तुले बी दोन. पण मिरची मागजो नको. मागच्या टायमाले मास्तर लोकायच्या मिरच्या बी तूच खाल्ल्या."

ताई मनापासून हसली. मोबाइल हातात घेऊन तिनं तो आदेश दोनदा वाचला. आमचं राज्य हिंदीचं, सरकारी कागद सगळे हिंदीतच; ते अवघड लिहिणं तिला समजत होतं. मग मोबाइल परत देत म्हणाली, "लय चांगलं झालं भाऊ. तुमचा निघाला तं माह्या बी निघन एखाद्या दिवशी."

"निघन ना! काहून नाही निघन?"

मित्रांनो, पगार वाढला की माणसाचं काय होतं, हे लोक पगाराच्या कागदावर पाहतात. मी दंडातून पाहिलं. गजाननभाऊनं जिनिंगची चौकीदारी सोडली. घरच्या खाटेवर झोपायला लागला. त्याची बायको वच्छलाबाई कितीक वर्षांपासून एका बाजूनं चावत होती, तिनं दाढ दाखवून घेतली. अन् दीड महिन्यानं ताईनं त्याला मला बांधलं तेव्हा पहिल्यांदाच त्याची मूठ उघडी होती. तळहात वर, बोटं सैल. मी आवळत गेले तरी बोटं हलली नाहीत.

"किती बाई?"

"एकशे अठ्ठावीस. खाली ब्याऐंशी."

"पाह्यलं का!" तो खुर्चीवरून उठलाच. पट्टा हातालाच, नळी ताणलेली. "पगार वाढला अन् बीपी उतरला!"

"म्हंजे पगार हेच औषध होतं म्हना," चंचल म्हणाली.

"तं का! इतले वर्ष सरकारनंच दिलं नाही औषध."

ताईनं त्याला परत बसवलं. "गोळी चालू ठेवजा बरं."

"हाव हाव."

"हाव हाव नाही. रोज. ते गोळीनं बी उतरला हाय."

"रोज म्हंजे रोज, बाई."

आता मी माझी कमजोरी सांगते. मी आकडा सांगते, कारण सांगत नाही. तो उतरला होता गोळीनं, अन् झोपेनं बी, अन् जिवाला आलेल्या स्वस्थपणानं बी. कशानं किती, ते मला कुठून कळणार? जिथं मी गप्प राहते तिथं लोक आपापलं बोलतात. गावभर झालं की गजाननचा बी.पी. पगारानं गेला. शाळेतले रोहित सर तर त्याला "पगारानं बरा झालेला पेशंट" म्हणूनच हाक मारायचे.

अन् गजाननभाऊनं गोळी सोडली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मागून कळलं. तो खोटारडा माणूस नव्हता. त्याचं गणित सरळ होतं. बी.पी. टेन्शनचा. टेन्शन पगाराचं. पगार वाढला, मग गोळी कायले? पण ताईला नाही कसं म्हणायचं, तिला वाईट वाटेल. म्हणून तो दर महिन्याला केंद्रात यायचा, गोळ्यांची पट्टी घ्यायचा, धन्यवाद बी म्हणायचा, अन् शाळेत जाऊन ती पट्टी खडूच्या रिकाम्या डब्यात टाकून द्यायचा. माणसाचं मन राखायची इकडे सवयच आहे. चहा नको असला तरी अर्धा कप पितात. तसंच हे.

एक दिवस, शाळा सुरू झाल्यावरची गोष्ट, बाहेर पाच-सहा लोक बसले होते. गजाननभाऊ सहज आला. नवीन शर्ट, खिशाला पेन.

"पाहून टाका बाई. यावेळी एकशे वीस असन."

ताईनं फुगा दाबला. मी चढले. हवा सोडली अन् एकशे अठ्ठ्याहत्तरवरच धप्प.

ताईनं परत पाहिलं. एकशे ऐंशी. खालचा एकशे सहा.

"गोळी घेऊन राहिले ना भाऊ?"

"घेऊन राहिलो ना!" त्यानं नजर चोरली. मग माझ्याकडे पाहिलं, अन् त्या नजरेत मी पहिल्यांदा राग पाहिला. जसं काही मी त्याचा वाढलेला पगार परत मागून राहिले. "मशीन म्हातारी झाली तुमची."

"मशीन कुठं म्हातारी होते."

"मानूस होते तं मशीन नाही होत? माह्यं डोकं दुखत नाही, चक्कर नाही, रोज मस्त झोपतो. मग बीपी कुठून आला? हवेतून?"

बाहेर बसलेली एक बाई म्हणाली, "सिस्टरबाई, तुमच्याच हातावर लावून पाहा ना. तुमी तं ठणठणीत हाय. खरं-खोटं समजन."

सगळ्यांना पटलं. ताईला बी पटलं. "घ्या," म्हणून तिनं बाही वर केली.

मित्रांनो, पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या दंडाला लागले. रोजच्या तिच्या हातांची मला सवय होती, दंडाची नव्हती. बारीक दंड. खांद्याकडे लसीच्या डब्याच्या पट्ट्याचा वळ. फुगा तिनंच दाबला, स्टेथोस्कोप बी तिनंच कानात घातला. हवा सुटायला लागली अन् मी वाट पाहत होते की अजून नाही, अजून नाही. पण धप्प झालंच. एकशे चौसष्टला.

तिला ऐकू आलं. मला माहीत आहे, कारण तिची बोटं फुग्यावरच थांबली. तिनं परत दाबलं. परत तेच. खालचा अठ्ठ्याण्णव.

चंचलनं वाकून पाहिलं अन् जोरात बोलून गेली, "एकशे चौसष्ट!"

मग हशा उसळला. "झालं! हे तं बाईले बी बीपी काढून राहिली!" गजाननभाऊ सगळ्यात जास्त हसला. सुटल्यासारखा हसला. "म्हटलं नाही मी? खराब हाय!"

ताई बी हसली. "मले कायचा बीपी? मी तं पऱ्हाटी हाय नुसती." पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी काडी. बी.पी. जाड्या लोकांना होतो, टेन्शनवाल्या साहेबांना होतो, असंच सगळ्यांना वाटतं. नर्सला बी वाटतं.

खरं तर माझी परीक्षा एकदम सोपी आहे. झाकण उघडायचं, अन् फुगा दाबायच्या आधी पारा शून्यावर उभा आहे का तेवढं पाहायचं. शून्यावर असेल अन् हवा कुठून गळत नसेल, तर मी खरी. ताईला हे शिकवलं होतं. त्या दिवशी पारा शून्यावरच होता. तिनं पाहिलं नाही. काहून पाहिलं नाही, हे मी लय दिवस विचार केला. मला वाटतं, त्या दुपारी मी खराब असणं सगळ्यांनाच हवं होतं. त्याला बी, अन् तिला बी.

तिनं एक चिठ्ठी लिहिली, हिंदीतच, कारण कागद वर पाठवायचा तर हिंदीतच लागतो: "मशीन ख़राब। बदलने हेतु।" म्हणजे खराब आहे, बदलून द्या. ती माझ्या झाकणावर चिकटवली अन् मला कपाटावर ठेवून दिलं. ताईच्या हाताला डिंक लागला होता. तो ती लय वेळ पुसत राहिली.

कपाटावर मी दीडेक महिना होते. नवीन मशीन यायची होती, ती आली नाही. लोक यायचे, ताई म्हणायची, "मशीन आली की पाहू." धूळ बसली. एक पाल माझ्या मागे राहायला आली. तिच्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण कपाट खिडकीजवळ होतं, अन् तिथून शाळेचं अंगण दिसायचं. रोज गजाननभाऊ घंटा वाजवताना दिसायचा. मी मनात म्हणायचे, अरे कुणीतरी याला बांधा. मला नका बांधू, दुसरी आणा, पण बांधा. पण मशीनला तोंड नसतं. जे असतं ते कुणीतरी दाबलं तरच बोलतं.

मग तान्हा पोळा आला.

पोळ्याचा दुसरा दिवस. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात अन् मोठे लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे बक्षीस. कुणी पैसे, कुणी खाऊ. त्याच दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते, म्हणून गावातल्या अर्ध्या गाड्या सकाळीच तिकडे गेल्या होत्या. गजाननभाऊनं सांगून ठेवलं होतं, "यंदा बोजारा माह्याकून. वाढलेल्या पगाराचा." शाळेच्या अंगणात पोरांची लाइन लागली. लाकडी बैलांना झुली, शिंगांना चमकी. अन् गजाननभाऊ एकेकाला नवी कोरी वही देत होता. प्रत्येक वहीवर त्यानं स्वतःच्या हातानं पोराचं नाव लिहिलं होतं. मी वरून पाहत होते. असा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

एका पोरीला देता देता वही त्याच्या हातातून पडली. त्यानं उचलायला हात नेला, पण हात वहीपर्यंत गेला नाही. तो काहीतरी बोलला. जीभ जड. तोंड एका बाजूला ओढलेलं.

पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, काका मोठ्या सरांची नक्कल करून राहिले.

"काका, अजून एक डाव करा!"

त्यानं परत बोलायचा प्रयत्न केला. पोरं अजून हसली.

ताईनं खिडकीतून पाहिलं, अन् पाहिल्याबरोबर तशीच धावली. पायात चप्पल नाही. मला तिचा आवाज ऐकू आला, "हसू नका रे! गजाननभाऊ, माह्याकडे पाहा. हसून दाखवा." त्याचा अर्धा चेहरा हसला. "दोन्ही हात वर करा." डावा गेला. उजवा छातीपर्यंत येऊन पडला. "कोणी पाणी पाजू नका त्याले! रोहित सर, गाडी काढा. सौंसर. आत्ताच्या आत्ता."

"एकशे आठच्या गाडीले फोन..." सर म्हणाले.

"चंचल करून राहिली. पण वाट नाही पाहायची."

मग ती आत आली, स्टूलवर चढली अन् मला खाली ओढलं. पाल पळाली.

चंचल म्हणाली, "बाई, ते तं खराब हाय."

"असू दे. काहीतरी तं सांगन."

गाडी दारापर्यंत येईस्तोवर अंगणातच मला बांधलं. वरचा दोनशे चौदा. खालचा एकशे बावीस. ताईनं तो आकडा पेनानं तळहातावर लिहिला अन् खाली वेळ लिहिली.

गाडीत मागे गजाननभाऊ, त्याचं डोकं घरून धावत आलेल्या वच्छलाबाईच्या मांडीवर, अन् मी ताईच्या. तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "वह्या... वह्या राहिल्या..."

वच्छलाबाई म्हणाली, "वह्या जाऊ द्या! गोळी घेतली होती ना तुमी?"

त्यानं डोळे मिटले. मग जड जिभेनं, "खडूच्या... डब्ब्यात."

"हे काय बोलून राहिले, सिस्टरबाई? काय खडूच्या डब्ब्यात?"

ताईला समजलं. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला अन् सौंसर येईपर्यंत सोडला नाही.

सौंसरच्या डॉक्टरनं आधी त्यांच्या मशीननं पाहिलं. दोनशे दहा, एकशे वीस. तपासलं, सुई दिली, नागपूरला न्यायची गाडी सांगितली. म्हणाले, "वेळेवर आणलं. गावात किती होता?"

ताईनं तळहात दाखवला. "दोनशे चौदा. पण सर, मशीन खराब आहे आमची."

डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, झाकण उघडलं, मला टेबलावर सरळ उभं केलं अन् नुसतं पाहिलं. "पारा तर शून्यावर आहे. आकडा बी जुळला. कोण म्हणतं खराब?"

ताईनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, "दीड महिन्याआधी माझ्या हातावर एकशे चौसष्ट दाखवत होती. म्हणून..."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग पट्टा उघडून त्यांनी हात पुढे केला. "द्या दंड."

"पहिले गजाननभाऊचं..."

"त्यांचं सुरू आहे. दंड द्या."

एकशे बहात्तर. ताई म्हणाली, आज धावपळ झाली म्हणून असेल. डॉक्टर म्हणाले, "आजचं सोडा. दीड महिना आधी कायची धावपळ होती?" तेव्हा ती खाली बसली. दवाखान्याच्या त्या बाकावर, मला मांडीवर घेऊन. अन् पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पत्र्यावर पडलं. मला वाटलं, ती स्वतःसाठी रडून राहिली. पण ती म्हणत होती, "मी शून्य पाह्यला असता तं... तो दीड महिना..."

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. तुम्ही बी देऊ नका.

गजाननभाऊ वाचला. वीस-बावीस दिवसांनी घरी आला. बोलणं जवळपास पहिल्यासारखं झालं, पण उजवा हात कमजोर राहिला. घंटा आता डाव्या हातानं वाजते, अन् थोडी उशिरा वाजते, तर पोरांचं काही म्हणणं नाही. पहिल्याच दिवशी तो खडूचा डबा घेऊन केंद्रात आला अन् टेबलावर उलटा केला. गोळ्यांच्या चार पट्ट्या, एक बी गोळी काढलेली नाही.

"तुमचं मन राखाले घेत होतो बाई."

"मन नका राखू माह्यं, भाऊ. जीव राखा तुमचा."

"अन् तुमी?"

ताईनं पर्समधून पट्टी काढून दाखवली. तिची स्वतःची. चार गोळ्या कमी होत्या. "पगार नाही वाढला माह्या," ती म्हणाली, "बीपी मात्र न मागताच वाढला."

पगाराची वाढ खोटी होती असं समजू नका हं. त्या वाढीनंच गजाननभाऊची मूठ उघडली होती, ते मी स्वतः पाहिलं. ती वाढ दहा वर्षं आधी आली असती तर कदाचित एकशे सत्तरपर्यंत गोष्ट गेलीच नसती. अन् ताईची अजून आली नाही, ती बी यायला पाहिजे, लवकर यायला पाहिजे. माझ्या पाऱ्याला राजकारण कळत नाही, पण एवढं कळतं. फक्त पारा आदेश वाचत नाही. आदेश माणसाच्या हातात येतो, नसांना त्याची प्रत जात नाही. त्यांना रोजची गोळी लागते.

आता दर सोमवारी शाळा सुटली की गजाननभाऊ येतो. डॉक्टरनं त्याला उजव्या हातानं रबराचा चेंडू दाबायला सांगितला आहे. ताई म्हणाली, चेंडू कायले, माह्या मशीनचा फुगा दाबा. म्हणून ती स्वतःच्या दंडाला मला बांधते, कानात घालते, अन् फुगा त्याच्या उजव्या हातात देते.

पहिल्या सोमवारी पारा साठाच्या वर गेलाच नाही.

"दाबा ना भाऊ."

"दाबूनच राहिलो."

"याले दाबणं म्हंते का? चिमणीचं पिलू धरलं का हातात?"

"पगार वाढला बाई, ताकत नाही वाढली."

"ताकत एरियरमधी भेटन. हप्त्या-हप्त्यानं."

चंचल रजिस्टरवर डोकं ठेवून हसली. पुढच्या सोमवारी नव्वद. मग एकशे वीस. परवाच्या सोमवारी त्यानं ओठ दाबून, कपाळावर घाम आणून, एका दमात पारा एकशे ऐंशीच्या वर नेला. ताईनं हात वर करून "बस, बस" म्हटलं तरी तो थांबेना. मग हवा सोडली अन् तिघं बी श्वास धरून बसले. धप्प झालं एकशे छत्तीसला. खालचा शहाऐंशी. गजाननभाऊनं तो आकडा रजिस्टरमध्ये स्वतः लिहिला. उजव्या हातानं, वाकडा. पण वाचता येतो.

मी आता फार दिवस इथं नसेन. नवीन डिजिटल मशीन आली आहे. बटण दाबलं की स्वतःच फुगते, स्वतःच बोलते. चांगली पोर आहे. वरून कागद बी आला आहे की पाऱ्याच्या मशीनी जमा करा. बरोबरच आहे ते, पारा चांगला नाही. ताई म्हणते, "करू पुढच्या महिन्यात." दोनदा म्हणून झालं. गजाननभाऊचा हात पुरता बरा होईपर्यंत ती हा पुढचा महिना पुढेच ठेवणार, असं मला वाटतं. माझ्या झाकणावर ती चिठ्ठी अजून आहे. तिच्यातल्या "ख़राब" वर ताईनं पेनानं आडवी रेघ मारली आहे, बाकीची तशीच राहू दिली.

जाता जाता तुम्हाला एकच सांगते. तुमच्या घरी कुणीतरी असेल, जे सगळ्यांचं पाहतं. सगळ्यांना औषध आठवण करून देतं, सगळ्यांचा ताप मोजतं. त्याचं कोण पाहतं, तेवढं आज विचारा. ज्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो त्याला बी दंड असतो. अन् घरात आनंदाची बातमी आली, पगार वाढला, आदेश निघाला, तर खूप नाचा, आलुबोंडे खा, बोजारा वाटा. त्या दिवशीची गोळी बी घ्या.

अन् माझ्यासारखीनं एखादा नावडता आकडा सांगितला तर तिला कपाटावर ठेवायच्या आधी एकदा वाकून पाहा. पारा शून्यावर आहे ना? मग ती तुमच्या भल्याचंच बोलून राहिली.